निळं बूच

एमिलीबाई डाबरे, वय एकोणसाठ,
हृदयाची एक झडप धातूची.
खोलीत पंखा बंद असला की टिकटिक ऐकू येते.
ती म्हणते, घड्याळाचा खर्च वाचला, बाय.

दर महिन्याचा दुसरा मंगळवार.
वसईहून आणलेलं भाजी गल्लीत मांडून
शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून येते,
नखांत माती, पदराला मेथीचा वास,
न सांगता हात पुढे करते.

निळ्या बुचाच्या नळीत आधीच सायट्रेट असतं.
ते रक्तातलं कॅल्शियम स्वतःकडे धरून ठेवतं,
म्हणून रक्त गोठत नाही, वाट बघतं.
मग मी कॅल्शियम परत करते
आणि सेकंद मोजते.
एकवीस वर्षं हेच माझं काम.

गोठवणारी प्रथिनं यकृतात विणली जातात.
विणून झाली म्हणजे झाली, असं नाही.
पेशीत एक जागा आहे, आंतर्द्रव्यजालिका,
(हा शब्द शाळेत घोकला, अजून दातांत अडकतो)
तिथे प्रथिनाच्या एका टोकाला दहा ग्लुटामेट,
प्रत्येकाला एकेकच हात.
एका हाताने कॅल्शियम धरवत नाही.
मग के जीवनसत्त्व एन्झाइमच्या मदतीला येतं,
आणि आपण श्वासातून फेकून देतो
तोच वायू उचलून
प्रत्येकाला दुसरा हात बसवला जातो.
यात जीवनसत्त्वाचा पार चोथा होतो,
त्याला पिळून पुन्हा कामाला लावावं लागतं,
फरशीच्या फडक्यासारखं.
मग गॉल्जी, मग पिशवी, मग पेशीची कड,
मग बाहेर. रक्तात.

एमिलीबाईची गोळी
त्या पिळणाऱ्याचंच मनगट धरते.
तरी प्रथिनं बाहेर पडतात,
दारावर कुणी अडवत नाही.
नाव तेच, चाल तीच,
जखमेपाशी वेळेवर पोचतात
आणि काही धरता येत नाही.

हेच हवं असतं आम्हाला. सगळं नाही, थोडं.
धातूच्या पानावर गाठ बसू नये इतपत,
विळी लागली तर रक्त थांबेल इतपत.

फेब्रुवारीत आकडा आला एक पूर्णांक चार.
हवा होता तीन.
मशीनवर माझा विश्वास बसेना.
काचेची नळी कोमट पाण्यात धरून
हातानेच तिरकी, सरळ, तिरकी करत बसले,
आणि खरंच, फार लवकर
आतल्या आत काहीतरी थांबलं.

गोळी चुकली?
नाही.
खाल्लं काय?
भाजी.
किती?

ती फरशीकडे बघत राहिली.
मग म्हणाली, पाचाला जुडी लावली, तरी कुणी घेईना.
परत न्यायची हमाली जुडीहून जास्त.
फेकवत नाही, बाय. शिंपलेली असते ना.
तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ मेथी,
मग चवळई,
शेवटी मुळ्याचा पाला.

आमच्या छापील कागदावर आहे : पालेभाज्या टाळा.
मी तो कागद तिला कधीच दिला नाही.
पालेभाजी विकणाऱ्या बाईला कुठल्या तोंडाने द्यायचा?
सांगितलं, टाळू नका, रोज एक मूठ खा.
रोज तेवढीच. आज तीन, उद्या शून्य, असं नको.

मूठ कुणाची, तिने विचारलं. तुझी का माझी?

टेबलावर दोन्ही मुठी शेजारी ठेवल्या.
तिची जवळजवळ दीडपट.
तुमची नको, माझी, मी म्हटलं,
आणि डॉक्टरांना फोन लावला.

जाताना सात जुड्या काउंटरवर ठेवून गेली.
आता ह्या तुम्ही संपवा.
दोन मी घरी आणल्या.
माझ्या रक्तात त्याने काही फरक पडणार नाही,
तिथे सगळ्यांना आधीच दोन-दोन हात आहेत.

तीन पाण्यांनी धुतली मेथी.
तरी पातेल्याच्या तळाशी
वसईची रेती.