खांबामागचा ड्रमर

हूरातल्या त्या हॉटेलच्या तळघरात
स्टेज म्हणजे चार फळ्यांचा ओटा
आणि पुढ्यात बरोब्बर खांब.
कुठेही उभा राहिलो तरी
डेल्फिन अर्धाच येतो फ्रेममध्ये :
एक हात, एक झांज, गुडघा.

गुरुवारी कामावरून थेट येतो मी,
एसीच्या डक्टमधली धूळ अजून कानात,
बॅगेत पान्यांना खेटून कॅमेरा.
मॅनेजर बजावतो, गिऱ्हाइकांचे चेहरे नकोत.
बरं.
मग मी ग्लास घेतो, पाठी घेतो,
टाळी न वाजवणारे हात घेतो.
लाल दिव्याखाली रोवेनाचा गळा
भाजल्यासारखा दिसतो,
तो नंतर निववतो खोलीवर,
बाकीचे पाचजण घोरत असताना,
हेडफोन लावून.

तेव्हाच कळलं.
बेस फाटलेला, शब्द चेपलेले,
आणि एकच आवाज स्वच्छ, सगळ्यांच्या पुढे :
कुणीतरी गुणगुणतंय,
बेसूर, अर्धा ठोका मागे.
मीच.
माईकला सगळ्यात जवळ मीच होतो ना.
पुसायला गेलो तर गाणंही पुसलं जाई.
पुढच्या गुरुवारी तोंड घट्ट मिटून उभा राहिलो.
दोन गाणी टिकलो.

व्हिसा संपून डेल्फिन गेला.
आता इलोइलोहून त्याच्या आईचा निरोप,
रोवेनाच्या फोनवर :
तो समुद्रावर, बोटीवर वाजवतो हल्ली, इथे नसतो.
व्हिडिओ रोज लावते.
मुलगा खांबामागे आहे, असू दे.
पण जवळ बसून कुणी गातो,
तो कोण?
त्याला विचार, जेवलास का.