शेऱ्याचा रकाना

रुवीत, बँकांच्या रस्त्यामागं, दुसऱ्या मजल्यावर
करारावर सह्या झाल्या तेव्हा एसी गळत होता.
खाली बादली मी ठेवली.
बादली कोणाच्या कामात धरायची
ते करारात नव्हतं.

मुर्तझा साहेब म्हणाले, देशमाने, तू दमलास.
व्हॅट, विदहोल्डिंग, दर तिमाहीचं ते जागरण,
आता बाहेरची माणसं बघतील. त्यातलीच शिकलेली.
मी मान हलवली.
एकोणीस वर्षांत तेवढं एक काम
माझं अगदी बिनचूक झालंय.

मग दोघं आले, चकचकीत बूट, हातात यादी.
पोर्टलचा पासवर्ड. नोंदणीचा दाखला.
मागच्या सगळ्या तिमाहींची बिलं, स्कॅन करून.
मी म्हटलं, पंपाच्या पावत्यांची आधी झेरॉक्स काढा,
गाडीच्या काचेखाली राहिली तर इथल्या उन्हात
महिन्याभरात कोरी होते पावती,
आणि कोऱ्या कागदावर पाच टक्के
कुठलंच सरकार परत देत नाही.
ते हसले. यादीवर खूण केली.

सलालाच्या फेरीचा दाद रहीम बिलं पगडीत ठेवतो,
मागण्याआधी त्याच्या गुडघ्याची चौकशी करावी लागते.
निझवाचा हार्डवेअरवाला तारीख घालत नाही,
नुसता वार घालतो.
आणि साहेबांच्या घरचा तो गालिचा
ऑफिसच्या खर्चात तीनदा येऊन बसला,
तीनदा मी तो उचलून बाहेर ठेवला,
न बोलता.
साहेबांनाही ठाऊक होतं. न बोलता.
हे सोपवायचं कुठल्या फोल्डरात?

तिमाही सरली. पहिलं विवरणपत्र आलं
सकाळी साडेसातला, मी कुलूप काढायच्या आत.
एकशे बारा ओळी, निळ्या, पिवळ्या, टापटीप.
सत्तेचाळिसाव्या ओळीपुढं, शेऱ्याच्या रकान्यात,
पुसायचं राहून गेलेलं काहीतरी, इंग्रजी अक्षरांत:
गालिचा?? हा इथं कसा काय. उद्या विचारते.

चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
विचारते.

फर्मला फोन लावला. सर, ते आमचं बॅक ऑफिस,
सांगलीच्या बाजूला, मिरज म्हणून गाव आहे,
तुम्हाला माहीत नसेल.

जयसिंगपुराहून शेअर रिक्षानं अर्धा तास.
तिथं काम नव्हतं म्हणून मी इकडं आलो,
आणि काम मला इथं बसवून
तिकडं गेलं.

राग आला का? आला असणार.
डबा उघडेपर्यंत काही टिकला नाही.
कारण सत्तेचाळिसावी ओळ तिनं धरली होती,
समुद्रापलीकडून,
गालिच्याचा एक धागा न बघता.

मेलमध्ये रीतसर लिहिलं: खाजगी खर्च, कृपया वगळावा.
मग रकान्यात, तिच्या ओळीखाली, तिच्याच अक्षरांत:
बरोबर धरलंस. निझवाच्या बिलांवर वार असतो,
कॅलेंडर घेऊन बस.
लिहिल्यावर वाटलं, पुसून टाकावं.
तेवढ्यात बादली भरली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मेल: नोटेड, सर.
आणि रकान्यात: काका,
सलालाच्या एका बिलावर नुसताच डाग आहे.
रक्कम आठवते का?

सतरा रियाल, चारशे बैसा.