तक्ता क्रमांक चार

तिबिलिसीहून क्षयरोगाचा अहवाल आला,
गुळगुळीत कागद, लेखकांची नावं अकरा.
नाझिब्रोला नर्स चष्मा पुसते,
चौथ्या तक्त्याखाली बोट थांबतं:
पाठपुराव्यातून सुटलेले – तीन.

सुटलेले!
एक मेंढ्यांमागे वर गेला,
बर्फ पडल्याशिवाय उतरायचा नाही.
एकीने दार उघडलंच नाही,
खिडकीतून चीजचा गोळा मात्र दिला, कोमट.

आणि गुराम.
त्याच्या थुंकीची डबी
कोटाच्या आत, छातीशी धरून
घाट उतरली होती ती, गोठू नये म्हणून.
नमुना ठीक पोचला. पहिल्या तक्त्यात आहे.

गुराम तर खरंच सुटला, फेब्रुवारीत.
चर्चमागे, सफरचंदाखाली.
पत्ता कुणी विचारला नाही.
दर ईस्टरला ती जाते,
मातीवर एक लाल अंडं ठेवते,
आणि सवयीने
तारीख टिपून घेते.