मागची सीट

सराफ्यात गराडू खाताना त्याच्या तोंडाला जिरावनचा वास होता,
त्याखाली दुसरा.
मला कळलं होतं. हे आधीच सांगून टाकते,
म्हणजे पुढे कुणी विचारायला नको.

निनादनं किल्ली बोटावर दोनदा फिरवली, तिसऱ्यांदा पडली.
उचलताना तो हसला, म्हणून आम्हीही.
गौतमी पुढे बसली, मी आणि हर्षल मागे.
"वीस मिनिटं तर आहेत," कोण म्हणालं आठवत नाही.
बहुधा मीच.

घर टिळकनगरात, पण गाडी निघाली उलटी,
सुपर कॉरिडॉरला, का तर रिकामा असतो.
जानेवारीची थंडी, काचा खाली,
दिव्यांचे खांब एकमेकांना चिकटत चाललेले
आणि माझा उजवा पाय
रबरी मॅटवर ब्रेक दाबत होता,
जिथं ब्रेक नव्हता.

थांबव.
एवढाच शब्द. तोंडात होता,
खोबऱ्याच्या तुकड्यासारखा, चघळून चव गेलेला.
पण बोलणारीला पुढच्या शनिवारी कुणी बोलवत नाही,
आणि त्याला वाईट वाटलं असतं.
खरंच, मला हेच वाटलं होतं,
की त्याला वाईट वाटेल.

पलासियाच्या अलीकडे नारिंगी जॅकेटवाली एक बाई
रस्ता झाडत होती, कानाला मफलर बांधून.
ती बाजूला झाली की आम्ही, नक्की नाही.
चाकाखाली काहीतरी कडकन मोडलं.

हर्षलनं मागच्या काचेतून पाहिलं.
"झाडू होता. नुसता झाडू."
तो शब्द आम्ही वाटून घेतला
एका पुडीतल्या शेवेसारखा. झाडू. झाडूच तर.
ती उभी होती, हातात अर्धा दांडा,
शिवीही न देता
लहान होत गेली.

आई जागीच होती. "कशी आलीस?"
"निनादनं सोडलं."
"बरा आहे गं मुलगा. दारापर्यंत सोडतो."

काही झालं नाही.
आणि आता त्याचा पुरावाच आहे आमच्याकडे,
चार साक्षीदारांचा.

सकाळी कचरागाडी गाणं वाजवत आली.
ओल्या-सुक्याचे डबे रिकामे करताना विचारलं,
रात्री पलासियाला झाडायला कोण असतं?
"बहोत हैं दीदी," तो म्हणाला.
"क्यों, कुछ गिर गया क्या?"

आज शनिवार. पावणेदहा.
खाली हॉर्न दोनदा वाजला.
मी गॅलरीत, अनवाणी,
उजवा अंगठा गार फरशीवर रुतवून.
पुढच्या सीटवरून गौतमी हात हलवतेय, ये ना.
निनादचा चेहरा इथून दिसत नाही.

तोंडातलं खोबरं एकदाचं गिळते
आणि त्याला नाही, तिला हाक मारते,
शेजारचे दिवे लागतील इतक्या मोठ्यानं:
गौतमी, उतर.
आधी वर ये.