कलम सात

पहाटे पावणेपाचला, सोहारच्या कॅम्पच्या फाटकाशी,
मी हजेरीचं यंत्र उघडून बसतो.
हवेत इतकं पाणी की रजिस्टर मऊ पडतं.
एकेक जण येतो, अंगठा ठेवतो,
यंत्र हिरवं होतं, तो बसमध्ये चढतो.

झुल्फिकारचा अंगठा यंत्राला कळत नाही.
नऊ वर्षं सळ्या बांधून रेषाच उरल्या नाहीत.
यंत्र म्हणतं, पुन्हा.
तो पँटला पुसतो. पुन्हा.
मागे रांग खोळंबते, ड्रायव्हर हॉर्न मारतो,
मी म्हणतो, जा, हाताने लिहून घेतो.

मार्चात तीन दिवस लिहायचं राहिलं.
राहिलं म्हणजे काय, माझं लक्ष नव्हतं.
या कामात ते कधीच नव्हतं,
चौदा वर्षांत एक दिवससुद्धा.
तीन गैरहजेऱ्या, करारातलं कलम सात,
सहा दिवसांचा पगार कापला गेला.
तो खिडकीशी आला. मी कलम दाखवलं.
इंग्रजीत होतं. त्याने मान हलवली,
कूलरचं पाणी प्यायला आणि गेला.

कलम म्हटलं की माझ्या हातांना दुसरंच आठवतं.
आंजर्ल्यात मामूंच्या रोपवाटिकेत
तांबूस पानाचं कोवळं रोप, मधोमध चीर,
पाचर केलेली काडी, वर प्लास्टिकची पट्टी.
साल सालीला भेटली की अंगठ्याला कळायचं,
डोळ्यांनी बघावं लागत नसे.
शंभरातली ब्याण्णव जगायची.

मग अब्बांनी एजंटकडे एकच पासपोर्ट दिला,
माझा, कारण मी थोरला.
जायचं होतं मुश्ताकला.
तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा ताटं मोजायचा,
त्याच्या वहीत दुधाचा हिशेब पैशानेही चुकला नाही.
या खुर्चीत तो असता
तर मार्चचे तीन दिवस हरवले नसते.

त्याला रोपवाटिका मिळाली.
शंभरातली चाळीस जगतात.
काही तर मेलेलीही कळत नाहीत:
वरची काडी सुकते, खालचा खुंट फुटतो,
हिरवं दिसतं म्हणून विकलं जातं,
आणि हापूस म्हणून नेलेलं झाड
सात वर्षांनी रायवळ निघतं.
पालगडचे एक मास्तर आले होते, मुश्ताक सांगत होता.
भांडले नाहीत.
नुसतं विचारलं, सात वर्षं कुणाकडे मागू?

मला वाटायचं, चुकीच्या धंद्यात
माणूस एकटाच वाया जातो.
घरी पैसे पोचतात, स्लॅब पडतो,
मग कुणाचं काय बिघडलं?
शहनाज म्हणते, सुट्टीवर आलात तरी
तुम्ही घरात बसता ते बस यायची असल्यासारखे.

गेल्या शुक्रवारी सहमच्या वाटेवर
खमीस नावाच्या म्हाताऱ्याच्या बागेत शिरलो.
विहिरीत खारं पाणी चढलंय,
आंब्याची पानं कडेकडेने करपलेली.
बांधाजवळ कोयीतून उगवलेलं एक रोप होतं.
ऑफिसच्या ड्रॉवरमधलं ब्लेड काढलं,
दुसऱ्या झाडाची काडी मागून घेतली.
कधी कळेल? त्याने मोडक्या हिंदीत विचारलं.
मी दहाही बोटं दोनदा दाखवली.
तो माझ्या हातांकडे बघत राहिला,
म्हणाला, मग तू तिथे कॅम्पात काय करतोस?

आज रात्री मार्चची पानं उघडून बसलोय.
दुरुस्ती करायची तर खाली सही लागते,
आणि शेजारी कारणाचा रकाना.
तो केवढा? काडेपेटीएवढा.

मुश्ताकला फोन लावलाय.
तो सांगेल, लाल शाईने, तारीख घालून, खाडाखोड न करता.
मग थोडा थांबेल, आणि विचारेल
जे त्याने चौदा वर्षांत विचारलं नाही:
खुंट कोणता नि काडी कोणती,
हे फुटायच्या आधी ओळखायचं कसं?