सहमतीच्या अधीन

कोकण भवन, सहावा मजला.
बैठक चौथी. इतिवृत्त मी लिहितो.

ऊर्जा म्हणते, हरकत नाही,
पाण्यानं आधी कळवावं.
पाणी म्हणतं, प्रदूषण मंडळाचा अभिप्राय जोडा.
कामगार विभाग चहानंतर आला,
हातात प्रत जुन्याच मसुद्याची.

महाप्याला स्प्रिंगा बनवणाऱ्या
वसुधा कोठावळे निमंत्रित होत्या.
तीन तास गप्प. मग पर्समधून
एक स्प्रिंग काढून टेबलावर ठेवली.
"दाबून बघा. सगळ्यांनी नको,
कुणीही एकानं."

कुणी दाबली नाही.
पंखा जोरात होता, म्हणून
ऊर्जावाल्यांनी ती कागदांवर ठेवली.

इतिवृत्तात तिला मुद्दा क्रमांक नाही.
माझ्या खणात आहे;
खण ओढला की घरंगळते.
पुढच्या बैठकीत परत करायची.
तारीख यथावकाश कळवण्यात येईल.