जर, तर, नाहीतर

पहिला नियम लिहिला गुरुवारी,
मानोऱ्याचं वाचनालय दुपारी बंद असताना,
एक पाय टेबलाखालच्या इन्व्हर्टरवर टेकवून.

जर वाचकाचं पुस्तक आपल्याकडे नसेल,
तर दारव्ह्याला विचार.
तीन दिवसांत उत्तर नाही, तर दिग्रसला.
मग पुसद. मग कारंजा.
नाहीतर वाचकाला कळव : थांबा.

'नाहीतर' टाइप करताना डोमाजी लोखंडे आठवले.
बत्तीस वर्षं याच खुर्चीत.
त्यांचं सगळं जर-तर एका पोस्टकार्डात मावायचं :
'पुस्तक असल्यास गाडीनं पाठवणे,
नसल्यास कार्ड तरी पाठवणे.'
आणि पुस्तक यायचं, सुतळीनं बांधलेलं,
कंडक्टरच्या सीटखालून,
कधी मिरचीचा वास घेऊन.
कधी यायचंच नाही,
तेही ते रजिस्टरात लिहीत. लाल शाईनं.

पहिली मागणी भागिरथ उइकेची.
मोटार वाइंडिंगचं पुस्तक, आकृत्यांसकट.
मी म्हटलं, मोबाइलवर असतं ना सगळं.
"असते," तो म्हणाला, "पण ताई, हात काळे राह्यते माहे.
पानाले चालते. काचेले नाही चालत."

बटण दाबलं. शटर ओढलं. घरी गेले.

आता रात्री काय झालं ते ऐका.
आमच्या यंत्रानं दारव्ह्याला विनंती धाडली.
त्यांचंही यंत्र त्याच आठवड्यातलं, नवंकोरं, नम्र :
आपला संदेश मिळाला, आभारी आहोत.
आमचा नियम : आलेल्या प्रत्येक संदेशाला पोच द्यावी.
आपले आभार मिळाले, आभारी आहोत.
आपल्या आभारांचे आभार मिळाले, आभारी आहोत.
दोन कुलूपबंद वाचनालयं,
मधे चाळीसेक किलोमीटर तूर आणि अंधार,
आणि हे एकमेकांपुढे वाकतायत, वाकतायत.
अडीचला लाइन गेली.
इन्व्हर्टरनं तो शिष्टाचार पाचपर्यंत ओढला.

सकाळी चार हजार एकशे बारा संदेश.
आणि एक फोन.
"मुनाफ बोलतो, दारव्हा.
तुमचं वाचनालय लईच संस्कारी हाये हो बाई."

नऊ वर्षं ही सही मी पावत्यांवर पाहत होते,
'फ'ची शेपटी पार रकान्याबाहेर गेलेली.
आवाज पहिल्यांदाच ऐकला.
हसून झाल्यावर म्हणाले,
"ते पुस्तक हाये इथं. यादीत 'उपलब्ध' दिसते.
पण एकसष्ट ते अडुसष्ट पानं नाहीत त्यात,
नेमकी थ्री-फेजची. कोणीतरी ब्लेडनं नेली.
पुसदच्या प्रतीत हायेत. झेरॉक्स मागवतो,
मंगळवारच्या गाडीनं देतो."

एकसष्ट ते अडुसष्ट.
हे कुठल्या रकान्यात होतं?

संध्याकाळी डोमाजीभाऊ पेपर वाचायला आले.
त्यांना सांगितलं. चष्मा काढून पुसत राहिले बराच वेळ.
"कार्डाले पैसे लागत ना बाप्पा," म्हणाले,
"म्हणून आम्ही एकदाच आभार मानत होतो."

मी नियम बदलला :
जर एकदा आभार मानून झाले असतील,
तर गप्प बस.
आणि फॉर्मच्या तळाशी एक चौकट टाकली,
जिच्यावर यंत्र काहीच करत नाही,
फक्त मुनाफभाईंचा नंबर दाखवतं.

मंगळवारी पुस्तक आलं.
आठ पानं हिरव्या दोऱ्यानं शिवलेली, थोडी तिरपी.
भागिरथनं पंधरा दिवस ठेवलं,
सोळाव्या दिवशी आणून दिलं, वर्तमानपत्रात गुंडाळून.
चौसष्टाव्या पानावर अंगठा,
काळा, रेषा न् रेषा मोजता येईल असा.

परतीच्या नोंदीत स्थितीचे दोनच पर्याय मी ठेवले होते :
ठीक. खराब.
कर्सर लुकलुकत राहिला.
बाहेर दारव्हा गाडीनं हॉर्न दिला,
कंडक्टर पायरीवरून हात हलवतोय, ताई, द्यायचं काय?
मी तिसरा पर्याय लिहिला,
वापरलेलं,
आणि पुस्तक घेऊन धावले.